एक ठोका बंद, दोन ठोके चालू

समस्त सीमाभागातल्या सुजाण नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, गेल्या उन्हाळ्यात येळ्ळूरच्या आमच्या घरात दोन सत्तांमधली बोलणी संपूर्णपणे थांबली होती. एक सत्ता माडीवर, म्हणजे माझी बायको. दुसरी तळमजल्यावर, म्हणजे माझी थोरली वहिनी.

कारण सांडगे. वहिनीची लेक निपाणीत दिलीय. तिच्या सासरची मंडळी जेवायला आलेली, आणि माझी बायको भर पंगतीत म्हणाली, "आक्का, औंदा सांडग्यात मीठ जरा सैल हातानं पडलंय न्हवं?" वहिनीनं हसून ताक वाढलं आणि दुसऱ्या दिवसापासून तोंड मिटलं.

आता माझा धंदा ऐका. बेळगावात मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, संशोधनही करतो. विषय असा: एक यंत्र दोघांनी चालवायचं. एकाला नुसतं दिसतं, दुसऱ्याच्या हातात नुसतं बटण, आणि दोघांत बोलणं जवळजवळ नाही. तर कमीत कमी किती निरोपांत काम भागेल? आयुष्यभर मी हे फळ्यावर मांडत आलो, आणि ते माझ्याच घरात येऊन बसलं! पाण्याची टाकी माडीसमोरच्या गच्चीवर, ती दिसते बायकोला. मोटरचं बटण खाली, वहिनीच्या स्वयंपाकघरात.

पहिल्या दिवशी टाकी भरून वाहिली. बायकोनं उलथनं घेतलं आणि खाली जाणाऱ्या पाईपवर एक ठोका दिला. मोटर बंद! संध्याकाळी पाणी संपलं, तेव्हा दोन ठोके. चालू! कुणी काही ठरवलं नव्हतं, तरी भाषा तयार. मी तर हरखूनच गेलो. मोटर चालू असताना ठोका आला नाही, तर त्याचाही अर्थ होता: टाकी अजून भरायचीय. गप्प राहणं हासुद्धा निरोपच! हेच मी वर्गात सांगतो तेव्हा पोरं जांभया देतात.

अण्णा, माझा थोरला भाऊ, मात्र वैतागला. "आरं, मधी पडून मिटीव की. न्हायतर टाकीत बॉल बसवू, आपोआप बंद हुईल."

"थांब की अण्णा, लई झकास चाललंय."

"झकास? दोघी घरात असून घर मुकं झालंय, आन् म्हणं झकास!"

मग ती दुपार आली. कॉलेजातून लवकर परतलो आणि अंगणातून वर पाहिलं. गच्चीवर जुनी साडी अंथरून वहिनीनं नवे सांडगे वाळत घातले होते. निपाणीला धाडायचे होते ते. पंगतीत गेलेली अब्रू त्यांनीच परत आणायची होती. आणि टाकी वाहत होती. पाण्याचा ओघळ सरळ साडीकडे निघाला होता.

बायको फोन टाकून धावली. पाईपवर ठोका दिला. पण घाबरलेलं माणूस एकावर थांबतं होय? दुसरा, तिसरा, मग धडाधड! खालच्या खिडकीतून वहिनी दिसत होती. पहिल्या ठोक्याला तिनं मोटर बंद केली, दुसऱ्याला चालू, आणि पुढं काय करावं ते न कळून बटणावर बोट ठेवून उभी राहिली. मोटर चालूच. ऐन गरजेच्या वेळीच ही भाषा फसते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. दोन्ही बाजू दिसणारा मी एकटाच. ओरडायला तोंड उघडलं, पण त्याआधी बायकोनं उलथनं टाकलं. क्षणभर ती सांडग्यांकडं बघत राहिली. तिनंच खारट म्हटलेल्या सांडग्यांच्या बदली घातलेले सांडगे. भिजले असते तर कुणी तिला बोल लावला नसता.

ती कठड्याशी धावली. "आक्का! मोटर बंद करा! तुमचं सांडगं भिजाय लागलं!"

मोटर थांबली. वहिनी जिना चढून वर आली. दोघींनी साडीची टोकं धरली आणि सांडगे सुक्या जागी ओढून नेले. कडेचे चार भिजले, बाकी वाचले. धापा टाकत वहिनीनं आधी पडलेल्या उलथन्याकडं पाहिलं, मग माझ्या बायकोकडं.

"आगं, तोंड हाय न्हवं तुला? मग इतकं दिस पाईप कशाला बडवत हुतीस?"