भरतीला दिलेली गोळी

सोमवारी मुंबईहून परतताना मांडव्याच्या लाँचमध्ये मी अनोळखी माणसांना पेढे वाटले. माझ्या लेकाचा, बाळ्याचा, रिपोर्ट चांगला आला म्हणून... बाळ्या नुसता समुद्राकडे बघत बसला, जशी काही मी त्याची कोणी नाही.

मी चौथी शिकलेली. हे फोनवर बोलून टाइप करते, नात तन्वी चुका काढते. तेवढं सांभाळून घ्या.

तर गेल्या वर्षी बाळ्याच्या किडन्या गेल्या, तेव्हा मी माझी एक दिली. डॉक्टर म्हणाले, आजी, तुमची किडनी तरण्या बाईसारखी आहे... हे माझं अख्ख्या कोळीवाड्यात सांगून झालंय. पण शरीर परक्या किडनीशी भांडतं म्हणे. म्हणून जन्मभर गोळ्या, बारा-बारा तासांनी.

तीन महिने मुंबईला खोली घेऊन राहिलो, तिथे सगळं घड्याळावर. मग रेवदंड्याला घरी आलो. आमचं घर खाडीकाठी, होडी भरतीशिवाय निघत नाही, जेवणखाणसुद्धा भरती-ओहोटी बघून.

मीच म्हटलं, "घड्याळ कशाला रं? पाणी दिवसातून दोनदा भरतं. पाणी भरलं का गोळी घ्यायची." बाळ्यालाही पटलं. मग काय, मी दारातून खाडी बघायची आणि त्याला हाक मारायची. एक भरती चुकवली नाही.

आणि रिपोर्ट बिघडायला लागले. रक्तातली औषधाची लेव्हल एकदा वर, एकदा खाली. आमची डॉक्टरीण तरुण पोरगी, पण त्या दिवशी तिचा चेहरा पडला होता. म्हणाली, "दादा, गोळ्या चुकतायत. असंच राहिलं तर आजींची किडनी टिकणार नाही."

बाळ्या शपथा घ्यायला लागला. मी दिलेली किडनी अशी वाया जायची?

मी म्हटलं, "एक बी चुकली न्हाय गो बाय. भरती बघून मी सोता देते."

तिनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे रोज एकाच वेळेला नाही?"

"एकाच वेळेला कशी? पाणी रोज पाऊण तास उशिरा येतं..." असं म्हणाले आणि माझं मलाच ऐकू आलं.

ती हसायला लागली. "आजी, मी घड्याळ बघून लिहून दिलं, तुम्ही चंद्र बघून दिलंत." मग तिनं कागदावर काढून दाखवलं. रक्त नेहमी सकाळी नऊला घेतात, त्यामुळे कधी गोळी नुकतीच पोटात गेलेली, कधी उतरत आलेली. शिवाय सरकता सरकता पंधरा दिवसांत एक गोळी गळूनच जायची.

आता सकाळी नऊ, रात्री नऊ, आणि तपासणीच्या दिवशी आधी रक्त, मग गोळी. तन्वीनं बाळ्याच्या फोनच्या अलार्मला माझाच आवाज भरलाय, "बाळ्या, गोळी घे." परवा बंदरावर ऐन लिलावात मी त्याच्या खिशातून ओरडले. सगळ्या कोळणी म्हणाल्या, "घे रं, आय बोलावते." त्याला लाज वाटली. वाटू दे.

सोमवारी सलग तिसऱ्यांदा लेव्हल बरोबर आली. त्या पोरीचे उपकार मोठे... रागवायच्या आधी तिनं विचारलं.

खाडी मी अजून बघते. पण ती आता फक्त होडीसाठी.