खिशातले दोन किलो

पहिल्याच भेटीत या माणसाने माझी अब्रू किलोवर मोजली. मी वह्या-पेन्सिलींच्या नव्या दुकानाची फीत कापायला उभा होतो. पाहुण्यांसमोर पोट आत घेण्याचे माझे प्रयत्न जोरात चालू होते. तेवढ्यात शेजारच्या वजनकाटे दुरुस्तीच्या दुकानातून एक इसम बाहेर आला. त्याने मला टाळूपासून टाचेपर्यंत न्याहाळलं आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "ब्याऐंशी किलो चारशे. चपला आणि खिशातल्या किल्ल्या वजा करून."

त्याला खोटं पाडायला मी चपला-किल्ल्या काढून त्याच्याच काट्यावर चढलो. ब्याऐंशी किलो चारशे. माझ्या बायकोने त्याला पहिला चहा दिला, मला दुसरा.

सगळे त्याला तागडी म्हणत. अंगावर कायम एकच जाड खाकी कोट, आणि त्याच्या खिशांत काटे तपासायची पितळी वजनं. त्याचा विश्वास फक्त काट्यावर होता. भाजीवाली, डॉक्टर, सासरे, सगळे त्याच्या लेखी संशयित.

पुढे दहा वर्षांनी त्याला रोज संध्याकाळी ताप यायला लागला. खोकला नावापुरता, पण मानेला गाठी आल्या आणि कोट अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला. तपासण्या झाल्या. गाठींचा क्षय निघाला, आणि त्याच्या मागे एचआयव्ही. डॉक्टर म्हणाले, एचआयव्हीने अंगातली राखण कमी केली, म्हणून क्षयाला आत शिरता आलं. दोन्हींवर औषध आहे, नेमाने घ्या. वहिनींचीही तपासणी झाली. त्यांना काहीच नव्हतं. त्या दिवशी तो दुकानात येऊन नुसता बसला आणि माझ्या तीन पेन्सिलींना त्याने कारण नसताना टोक करून ठेवलं.

हे सगळं त्याने मला आपणहून सांगितलं. लिहायची परवानगीही त्याचीच. अट एकच: आकडे खरे लिहायचे.

क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, दोन आठवड्यांनी एचआयव्हीच्याही. महिना झाल्यावर तो दवाखान्यातून आला तो थेट माझ्या दुकानात.

"पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस भरलो होतो," तो म्हणाला. "आज सत्तेचाळीस."

"ताप?"

"ताप गेला."

"भूक?"

"लागते. काल बायकोच्या ताटातलंही खाल्लं."

"मग?"

"मग काय मग? काटा खाली गेला. एवढ्या गोळ्या गिळून एक किलो घटलो. लागू पडत नाहीत त्या. उद्यापासून बंद."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टर म्हणाले, प्रकृती सुधारतेय, चालू ठेवा. ते बोलणारच. काटा कशाला खोटं बोलेल? मी तपासलाय तो काटा."

माझी पाचावर धारण बसली. हा माणूस हट्टाला पेटला की क्षयाच्या बापाचंही ऐकणार नाही. अर्धवट औषध सोडलं तर काय होतं, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून समजावलं होतं. मी समजूत घालत होतो, तो मान हलवत होता. एवढ्यात वहिनी आल्या आणि पदराखालून एक जड पुरचुंडी काढून त्यांनी माझ्या गल्ल्यावर आपटली.

"हे तुमचं पितळ न्या बाई दुकानात. दुकान बंद, म्हणून महिनाभर माझ्या फळीवर पडलंय. कोट भिजवला तेव्हा बादलीचा तळ जायचा राहिला."

तागडीने पुरचुंडी सोडली. एक किलोचं एक, अर्ध्या किलोची दोन.

"कोट कधी धुतलास?"

"पहिल्या गोळ्या घेऊन दवाखान्यातून आलात त्याच दिवशी. घामाने नुसता ओलाचिंब झाला होता."

"त्या दिवशी मी वजनाला कोट घालूनच उभा होतो."

"मग?"

"आज सदऱ्यावर."

वहिनींच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. मग त्या स्टुलावर बसल्या. "माझ्या किल्ल्या वजा करता, भाऊजींच्या चपला वजा करता," त्या म्हणाल्या, "आणि स्वतःच्या खिशात हात घालायला काय झालं होतं?" बोलता बोलता हसू आणि डोळ्यांतलं पाणी एकदमच आलं, तेव्हा त्यांनी पदर पुढे केला.

तो बोटांवर हिशेब करत होता. कोटाचं कापड सोडून दिलं, नुसतं पितळ धरलं. अठ्ठेचाळीस वजा दोन. सेहेचाळीस. आज सत्तेचाळीस. पुन्हा केला. तिसऱ्यांदा मला करायला लावला.

"एक किलो वाढलो," तो हळूच म्हणाला, जणू मोठ्याने बोललं तर उतरेल. मग मला म्हणाला, "पाणी दे. दुपारची गोळी राहिलीय."

क्षयाचे उपचार पूर्ण झाले तेव्हा तो सत्तावन्न भरला. एचआयव्हीची गोळी रोज चालू आहे, ती चालूच राहणार.

पहिल्या दिवसाचं वजन दुरुस्त करावं म्हणून तो तीनदा दवाखान्यात गेला. एकदा सोबत पितळी वजनंही घेऊन गेला. झालेली नोंद बदलता येत नाही, असं सिस्टरांनी सांगितलं. कार्डावर पहिल्या महिन्यात एक किलो घट अशीच नोंद आहे.