पांढऱ्या बशीतला मासा

इर्मा हौगनच्या हातातला चमचा हातातच राहिला. बशीतल्या पाण्यात करंगळीएवढं एक पिल्लू पडलं होतं. अंगावर काळे पट्टे, पोटाखालचे पर नारिंगी. अर्धं पचलं होतं, तरी पट्टे लपत नव्हते. बत्तीस वर्षांत या बशीत तिने चिलटांच्या अळ्या पाहिल्या, चतुरांच्या हिरव्या अळ्या पाहिल्या, गोगलगायी, बारीक झिंगे, एकदा तर कुणाच्या तरी शर्टाचं बटणसुद्धा पाहिलं. मासा कधी पाहिला नव्हता. दिसणार कुठून? बार्कली तळ्यात ट्राउटशिवाय दुसरा मासाच नव्हता.

बशीतला मासा पर्च होता. इर्माने तो लगेच ओळखला.

समोर हौगनांच्या मासेमारी कॅम्पातल्या चार नंबरच्या केबिनमधला ऑगी ब्रांट उभा होता. दर जूनला येणारा, इर्माच्या नवऱ्याचा, लॉर्नचा, जुना दोस्त. दीड किलोचा तो ट्राउट त्यानेच पहाटे पकडून आणला होता. दिवसाचा पहिला मासा इर्माच्या टेबलावर यायचा, ही इथली रीतच. ती त्याचं पोट फाडायची, आतलं सगळं चमच्याने खरवडून पांढऱ्या बशीत पाण्यावर पसरायची आणि मासे सध्या काय खाताहेत ते फळ्यावर लिहायची. मग नऊ केबिनमधली माणसं कॉफीचे मग घेऊन फळ्यापुढे उभी राहायची आणि आपापल्या डब्यातून तशी पिसा-दोऱ्याची खोटी माशी शोधून गळाला बांधायची.

इर्मा मुळात इथली नव्हे. सास्काचेवानच्या गव्हाच्या सपाटीवरून तेविसाव्या वर्षी इथे स्वयंपाकाला आली, तेव्हा तिला पाण्याची भीती वाटायची आणि ट्राउट फक्त डब्यातला माहीत होता. मालकाचा मुलगा लॉर्न हौगन तिला होडीत बसवून घेऊन गेला, त्यानंतर ती परत गेलीच नाही. फळा तेव्हा लॉर्न लिहायचा. त्याचा फळा म्हणजे रोज एकच शब्द: ‘झकास’. वादळ असो, पाणी गढूळ असो, मासे तोंड उघडायला तयार नसोत, लॉर्नचं आपलं झकास. एका जूनमध्ये चार दिवस रिकाम्या हाताने बसलेली एक बाई निघताना म्हणाली, “तुमच्या फळ्यापेक्षा माझ्या सासूचा शब्द खरा.” इर्माने त्याच दिवशी फळा पुसला आणि खडू आपल्या एप्रनच्या खिशात टाकला. तो आजवर तिथेच आहे.

एका वर्षी मे महिन्याच्या लांब सुट्टीच्या तोंडावर तिने लिहिलं होतं, ‘बर्फ नुकतं गेलंय, तळचं पाणी वर आलंय, मासे खात नाहीत, आठवडाभर कुणी येऊ नका.’ फोनवरही तेच सांगितलं. सहा केबिन रिकाम्या राहिल्या आणि लॉर्न दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पण पुढच्या वर्षी तीच सहा कुटुंबं आली, आणि येताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन आली. खाली कॅमलूप्स गावातल्या दुकानांत तेव्हापासून लोक म्हणतात, इर्माने लिहिलंय म्हणजे तसंच असणार. बाईच्या सगळ्या आयुष्याची कमाई कुणी विचारली तर ती हीच.

आणि आज फळ्यावर लिहायचं होतं ते हे.

पर्च आला म्हणजे काय, हे इथल्या पठारावरच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तो बेसुमार वाढतो, ट्राउटचं खाणं फस्त करतो, चार वर्षांत तळ्यात ट्राउट औषधालाही उरत नाही. मग ओढ्याने खाली उतरतो आणि नदीतल्या साल्मनच्या पिल्लांवर ताव मारतो. म्हणून पर्च सापडला की मत्स्य खात्याची माणसं येतात आणि तळ्यात विष सोडतात. एकूण एक मासा मारतात. इर्माने डोंगरापलीकडच्या तळ्यावर ते पाहिलं होतं. काठाला लागलेले मासे माणसं दोन दिवस फावड्याने भरत होती.

“ऑगी, हे काय आहे?”

“मला काय विचारतेस? पोट तू फाडलंस.”

“तुलाच विचारतेय. कारण तू बशीकडे बघतच नाहीयेस. मघापासून जेट्टीकडे बघतोयस.”

ऑगीने टोपी काढली, पुन्हा घातली. जेट्टीच्या टोकाला घडीच्या खुर्चीत लॉर्न बसला होता. चार वर्षांपूर्वी झटका आला आणि त्याची डावी बाजू गेली. पठारावरचा एक नंबरचा गळवाला, त्याला आता होडीत पाय टाकता येत नव्हता. इर्मा रोज सकाळी त्याला धरून तिथे नेऊन बसवायची, गुडघ्यांवर घोंगडी घालायची, उजव्या हातात गळाची काठी द्यायची. तो दिवसभर पाण्यावर दोरी फेकत बसायचा.

इर्मा बशी घेऊन निघाली. पाणी हिंदकळू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. तिला अजूनही वाटत होतं, लॉर्न म्हणेल, वेडे, हा पर्च नव्हे.

“लॉर्न, हे बघ.”

लॉर्नने वाकून पाहिलं. आणि त्याचा अर्धा चेहरा, जो अजून हलत होता, तो खुलला.

“जगले म्हणजे!” तो म्हणाला.

इर्माला वाटलं, पायाखालच्या फळ्या सरकल्या. ती तिथेच खाली बसली. रडू येईना, राग येईना, काहीच येईना. 

“बाराच होते,” लॉर्न म्हणाला. “तीन वर्षं झाली. ऑगीला मीच सांगितलं आणायला. त्याने बर्फाच्या पेटीत पाणी घालून आणले. त्याला बोलू नकोस काही, तो नाहीच म्हणत होता.”

“का, लॉर्न?”

“आता जून आहे, अजून ट्राउट काठाशी येतो. पुढच्या पंधरवड्यात पाणी तापलं की जाईल खोल. मग मी इथे ऑगस्टपर्यंत काय करू? धुणं वाळत घालू? पर्च काठाशी राहतो. म्हटलं, हाताला जरा ओढ लागेल. बाकी काही नको होतं गं.”

“लागली?”

लॉर्नने मान हलवली. “एकदाही नाही.”

“तीन वर्षांत?”

“एकही नाही.”

इर्माने त्याच्या दोरीच्या टोकाकडे पाहिलं. तिथे तपकिरी पिसांची, त्याच्याच हातची सुबक माशी पाण्यावर तरंगत होती.

“हे लावत होतास? पर्चला?”

“मग काय लावायचं?”

“गांडूळ, लॉर्न. पर्च तळाशी चरतो. शाळेतल्या पोराला विचार.”

“गांडूळ? मी?” लॉर्न म्हणाला, आणि त्याला मनापासून अपमान वाटलेला दिसला.

तिला हसावं की त्याच्या थोबाडीत द्यावी ते कळेना. या माणसाने आपल्या बापाचं तळं मातीत घातलं होतं, पण गळाला गांडूळ लावून नाव घालवायची त्याची तयारी नव्हती!

ऑगी मागे येऊन उभा होता. “इर्मा,” तो हळूच म्हणाला, “बशी धुऊन टाक. कुणाला कळतंय?”

“मला कळलंय ना,” इर्मा म्हणाली.

लॉर्न पाण्याकडे बघत होता. आता त्याचा चेहरा उतरला होता. बहुधा तीन वर्षांत पहिल्यांदाच तो पुढचा विचार करत होता.

“विष घालतील ना?”

“हो.”

“सगळे मारतील?”

“विषाला काय कळतं, कोण ट्राउट आणि कोण पर्च?”

“परत ट्राउटचं बीज सोडतील की.”

“सोडतील. दोन वर्षांनी.”

लॉर्नच्या हाताशी दोन वर्षं आहेत की नाहीत, हे डॉक्टरने दोघांना वेगवेगळं बोलावून सांगितलं होतं. एकमेकांना सांगायचं मात्र दोघांनी टाळलं होतं.

इर्मा उठली. फळ्यापुढे माणसं जमली होती, कॉफीचे मग हातात, कोवळ्या उन्हात डास मारत. तिने खिशातून खडू काढला आणि रोजच्यासारखं वरून खाली लिहीत गेली. पाणी चौदा अंश, नितळ. वारा नैर्ऋत्येचा, हलका. मासे लव्हाळ्याच्या कडेने, दोन-अडीच मीटरवर. मग ‘पोटात’ या शब्दापुढे ती थांबली. खडू पुन्हा फळ्याला टेकवला आणि लिहिलं: ‘चतुराच्या अळ्या. एक पर्च. आम्हीच सोडले.’

तळ्यावर वीस वर्षं येणाऱ्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली.

मग तिने खात्याला फोन केला. पलीकडची बाई नीट बोलली, पण म्हणाली, अर्धवट पचलेल्या पिल्लावरून काही ठरवता येत नाही. एक अख्खा मासा हवा, बर्फात घालून. संध्याकाळी माणूस येईल.

इर्मा स्वयंपाकघरामागे गेली, रुबार्बच्या वाफ्यात खुरपं घातलं आणि चहाच्या जुन्या डब्यात गांडुळं घेऊन आली. लॉर्नच्या दोरीवरची सुबक माशी तिने कापली, स्वतःच्या कॉलरला टोचली आणि गळात गांडूळ ओवलं. लॉर्नने तोंड फिरवलं.

“सरकारला पाहिजे,” ती म्हणाली. “टाक.”

लॉर्नने टाकलं. दोरी तळाला गेली. चार मिनिटंही झाली नसतील, काठीचं टोक खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. लॉर्नचा उजवा हात ताठ झाला. त्याने इर्माकडे पाहिलं.

“लागला,” तो म्हणाला. “इर्मा, लागला गं.”

“मग ओढ की.”

तळहाताएवढा होता. पट्टे काळेभोर, पर नारिंगी. लॉर्नने तो चांगल्या हातात धरला आणि त्याची ती धडपड बोटांना लागू दिली. ऑगीने बर्फाची पेटी उघडून पुढे धरली. तीच पेटी होती. लॉर्नने बराच वेळ मासा आत टाकला नाही आणि इर्माने त्याला घाई केली नाही. शेवटी त्याने टाकला.

“त्यांना एकच पुरतो का?” त्याने विचारलं.

“बाईने एकच सांगितलाय,” इर्मा म्हणाली, आणि डब्यातून दुसरं गांडूळ काढून त्याच्या हाताशी धरलं.