वर्षश्राद्धाची अगरबत्ती

या ग्रुपवरच्या हडळी-मुंज्यांच्या गोष्टी नात मला वाचून दाखवते आणि मी शिव्या घालतो. सत्तरीला आलो. गिरणीत रात्रपाळ्या केल्या, नंतर शिवडीच्या गोदामात वॉचमन होतो... भूत कधी आडवं आलं नाही. माणसं आली, आणि किळस येते ती त्यांचीच. मी सातवी नापास, चुका असतील. ज्याला वाचायचं त्याने वाचा.

लालबागला चाळीत दुसऱ्या माळ्यावर राहतो. नात सई दोन वर्षांची असताना तिला निमोनिया झाला, श्वासच बंद पडत आला. घशात नळी घालून मशीनवर ठेवली होती. वाचली. आता दहाची आहे. सगळे म्हणतात, बरी झाली. बरी म्हणजे काय? जिना चढताना मधल्या वळणावर थांबते आणि मैत्रिणींना सांगते, चपलेचा पट्टा निघाला. दर वर्षी नळीत फुंकायची टेस्ट असते. डॉक्टरीणबाई सांगतात, "आजोबा, फुप्फुसं वाढतायत, पण तेव्हा बसलेला मार राहणार. दिसत नाही म्हणून विसरू नका. घरात धूर नको, धूळ नको."

हे डोक्यात घेतलं एकट्या माझ्या बायकोने, सुलूने. घरात अगरबत्ती बंद. चाळीत प्रत्येक माळ्यावर देवाची तसबीर आहे. तिथे कुणी लावली की ही नळाखाली दोन बोटं ओली करणार आणि चिमटीत धरून विझवणार... चर्र! फुंकर नाही मारायची, देवाचं उष्टं होतं म्हणे. बायका अंगावर यायच्या.

"देवाची अगरबत्ती विझवतेस, नरकात जाशील!"

"जाईन. तिथे धूर असला तर तोही विझवीन."

मागच्या वर्षी ती गेली. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही.

वर्षश्राद्धाला शिवडीहून माझी मोठी बहीण, आक्का आली. दुपारची वेळ, फोटोपुढे पान वाढलेलं. आक्काने पिशवीतून पुडा काढला.

"आक्का, नको. सईला चालत नाही."

"रे मेल्या, बायकोच्या वर्साक साधी अगरबत्ती नाय? लोक काय म्हणतले? आठ वर्सा झाली त्या गोष्टीक. पोरगी घोड्यासारखी धावता!"

माझा मुलगा दिनेश म्हणाला, "असू दे बाबा, एक दिवस. खिडकी उघडतो." स्वतःच्या पोरीचा बाप हा!

आक्काने पाच काड्या केळ्यात खोचल्या आणि पेटवल्या. पंखा बंद होता. मी सईचा हात धरून गॅलरीत जायला उठलो, तेवढ्यात — चर्र.

पाचही विझल्या. एकामागून एक, पाच वेळा आवाज आला. फोटोजवळ कुणी नव्हतं, आक्कासुद्धा मागे सरून हात जोडून उभी होती. मी वाकून बघितलं. टोकं ओली होती आणि चपटी झालेली, चिमटीत दाबल्यासारखी. केळ्यावर पाण्याचा थेंब.

आक्काने पुड्यातून दुसऱ्या लावल्या. चर्र.

"सुले!" म्हणून ओरडली आणि खाली बसली.

मी सईला विचारलं, "घाबरलीस?"

"नाही. आजी रोज विझवायची ना."

इथपर्यंत तुमच्या ग्रुपची गोष्ट झाली. आता किळस ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रांग. चाळीतले, गल्लीतले, एक तर मोबाईल उभा धरून. प्रत्येकाच्या हातात पुडा! आक्का रात्री राहिली होती, तिनेच चाळभर सांगितलेलं आणि तीच सगळ्यांना आत घेत होती. मी आडवा गेलो तर लोक म्हणतात, काका, एकच लावतो, बघू विझते का. एकजण लोबान पेटवून आला. मी शिव्या घालतोय, हे हसतायत. विझली एकही नाही. सुलू काय तमाशा दाखवायला बसली होती? खोली धुराने भरली, फोटो दिसेना, आणि ही माणसं वर बघत उभी... आता येईल, आता येईल.

मोरीजवळ सई दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उभी होती. छाती आत ओढली जात होती, ओठ काळपट.

दिनेश तिचा श्वासाचा पंप शोधत धावला. मी काय केलं आठवत नाही. सून सांगते, मी पेटत्या काड्या नुसत्या बोटांनी चिरडत सुटलो आणि लोबानाचं भांडं गॅलरीतून खाली फेकलं. कोरडी बोटं. अंगठा अजून काळा आहे.

सईला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आली. जिन्यात आता दोनदा थांबते.

पहिल्या दिवशी काय झालं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी का नाही झालं, तेही नाही. फोटोला रोज विचारतो. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा ऐकलं नाही, सुलू जिवंतपणी ओरडली तेव्हा ऐकलं नाही, आणि मेलेल्या बाईने विझवून दाखवलं तर पुडे घेऊन बघायला आले! थू.

आक्काचा अजून फोन येतो. "ती परत इली काय रे?"

पोरगी कशी आहे, हे एकदाही विचारलं नाही. मी फोन ठेवतो.