येळवशीची तिसरी पंगत

परळीच्या स्टेशनावर उतरले तेव्हा हवेत छान गारठा होता. लेकीने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हापासून तिच्या सासूबाई माझ्याशी हं-हूंच्या पुढे बोलल्या नव्हत्या. आता त्यांनीच येळवशीला (वेळा अमावस्या; या दिवशी अख्खं गाव शेतात जेवतं) बोलावलं होतं. लेकीने फोनवर तंबी दिली होती, "आई, पोटभर जेव. 'थोडंच वाढा' म्हणालीस की त्या रुसल्याच समज."

गाव सुटल्यावर रिक्षावाल्याने रिक्षा सरळ एका शेतात घातली.

"ताई, आपलंच शेत हाय. चार घास खाऊन जाऊ."

"अहो, मला पुढे जेवायला जायचंय."

"जावा की. आज रस्त्यानं जाणारं माणूस उपाशी सोडत न्हाईत."

कडब्याच्या खोपीत पूजा झाली होती. तिच्यासमोरच पंगत. बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), भज्जी (तुरीचे सोले, हरभरा आणि पालेभाज्या चिंच-बेसनात शिजवलेल्या) आणि मडक्यातली आंबील (ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली), लसणाची, झणझणीत. नको नको म्हणत दोन पेले प्याले.

पुढे एक म्हातारबाबा रस्त्यात उभे राहून हात करत होते. काही अडचण असेल म्हणून थांबलो, तर बाबा जेवायला बोलावत होते. त्यांची भज्जी आंबटगोड, आंबील ओव्याची, वर गव्हाची खीर. दोन्ही शेतांत जेमतेम मैलाचं अंतर, आणि चव अगदी निराळी. मराठवाड्याचं जेवण म्हणजे नुसता जाळ, असं मी पुण्यात ठासून सांगायचे. धन्य माझी.

विहीणबाईंच्या शेतात पोचले तेव्हा मला धड बसताही येईना. त्यांनी घोंगडी अंथरली, दोघींची ताटं वाढली. लेक माझ्यावर डोळे वटारून उभी. मी उंडा मोडून भज्जीत बुडवला. कुटलेल्या तिळाची सुरेख चव, पण घास खाली उतरेना. रडूच आलं मला.

"लई तिखट झालीय का?" विहीणबाईंनी विचारलं.

"नाही हो. वाटेत दोन शेतांत जेवून आलेय. नाही म्हणता आलं नाही."

त्या आधी लेकीकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या ताटाकडे.

"मग सांगायचं की! मीबी सकाळपासून शेजाऱ्यांच्या खोपींत जेवून बसलेय. पाहुणी जेवल्याबिगर उठता येईना, म्हणून हा घास चिवडतेय." पदर तोंडाला लावून त्या हसल्या. "आता राहा आज. भज्जी शिळी लई भारी लागती."

राहिले. सकाळी तीच भज्जी ज्वारीच्या भाकरीशी खाल्ली. रात्रभर मुरून चिंच मवाळ झाली होती आणि तीळ चांगला लागत होता. चुलीपाशी बसून आम्ही दोघींनी लेकीच्या आळसाची यथेच्छ उजळणी केली. ती फुगून बसली.

दुपारी आंबिलीची बाटली घेऊन गाडीत बसले. परळी मागे पडते न पडते तोच फोन वाजला. लेक असेल म्हणून उचलला, तर विहीणबाई.

"पुढच्या येळवशीला रिक्षा करू नका. वाटंत लोक जेवू घालतेत. मीच येते स्टेशनावर घ्यायला."