झालं का पान?

रामघाटावर दत्तात्रेय आणि लीलाबाईंच्या घरात नवी इंग्रजी रहस्यकादंबरी आली की लीलाबाई आधी तिची शिवण उसवायच्या. हो, चक्क उसवायच्या! घराणं वैदिकांचं, पोथीची सुटी पानं हाताळायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. दत्तात्रेय एक पान वाचून हात लांब करणार आणि समोर बसलेल्या लीलाबाई ते घेणार. ते येईपर्यंत बाईंचा जीव वरखाली. "अहो, झालं का पान?" लग्नापासून रोज हाच प्रश्न. खुनी कोण ते ह्यांना आधी कळायचं, मग स्वारी मिशीतल्या मिशीत हसायची आणि बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

यंदा मात्र दत्तात्रेयांची नजर अधू झाली. छापील अक्षर लागेना, डॉक्टरांनीही हात टेकले. लीलाबाईंनी वाचून दाखवून पाहिलं, तर हे महाशय दुसऱ्या परिच्छेदाला घोरायला लागले. एकटीनं वाचायला बाईंचं मन घेईना. दुपार नुसती खायला उठायची.

अशात अमेरिकेहून भाचा आला, ऋतुराज. ह्याच घाटावर वाढलेला, त्यामुळे बोलणं अर्धं इथल्या हिंदीत. त्याच्या हातात पाटीएवढं एक यंत्र.

"मामी, ही इलेक्ट्रॉनिक किताब. आत डझनभर इंग्रजी कादंबऱ्या आहेत. अक्षर हवं तेवढं मोठं करा, बटण दाबलं की पुढचं पान. जमलं तर ठेवून जातो, नाहीतर परत नेतो. आराम से सोचो."

लीलाबाईंनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं. "आणि शिवण कुठाय रे ह्याची?"

"इसमें सिलाई कहाँ, मामी!" ऋतुराज हसत सुटला.

"मग मी काय वाचू? तुझ्या मामांचं तोंड?"

पण अक्षर मोठं झालं आणि दत्तात्रेयांचा चेहरा असा काही खुलला की बाईंना भरूनच आलं. "हा माळी काही खरा नाही हं!" ते वाचता वाचता मोठ्यानं म्हणाले. कित्येक महिन्यांनी म्हणाले! लीलाबाईंचा हात आपसूक पुढे गेला. हातात काहीच आलं नाही. मेलं यंत्र! ह्यांना सगळं पुस्तक आणि आपण कोरड्या. परत ने म्हणावं, तर ह्यांचं वाचन पुन्हा बंद. राहू दे म्हणावं, तर आपण जन्मभर समोर बसून माळ्याच्या बातम्या ऐकायच्या? बाईंना खरंच रडू यायला लागलं.

तेवढ्यात दत्तात्रेयांचं पान संपलं आणि सवयीनं त्यांनी हात लांब केला. हातात अख्खं यंत्र! लीलाबाईंनी ते घेतलं. अक्षरं ही एवढाली, चुटकीसरशी वाचून झालं. आता परत द्यायचं, एवढंच. पण अंगठा बटणावर गेला.

पुढचं पान आलं. ह्यांनी न वाचलेलं!

"अग्गोबाई! माळी?" बाई पुटपुटल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"काय झालं? काय केलं माळ्यानं?" दत्तात्रेय सरसावून बसले.

ऋतुराज बॅग भरता भरता दारात डोकावला. "तो क्या तय हुआ, मामी? ठेवू की नेऊ?"

"ठेव," लीलाबाई मान वर न करता म्हणाल्या.

समोरून एक हात पुढे आला होता. "लीला, झालं का गं पान?"

"थांबा हो जरा! केवढं मोठं पान आहे!"

पानावर सगळ्या मिळून चार ओळी होत्या.