नऊ दिवस आधी बसवलेलं देवक

बहिणीच्या लग्नासाठी अलकापुरीतला हॉल ठरला होता. बाबांना अंथरुणावरून उठवेना झालं, तेव्हा मीच जाऊन तो रद्द केला आणि घरी येऊन जाहीर केलं की लग्न आपल्या परसात होईल. आई म्हणाली, "परसात? अगं, तिथे धुण्याचा दगड आहे." मी म्हटलं, "दगड आहे तर उचलू. बाबांना उचलून नेता येत नाहीये ना!" माझी जीभ तेव्हाही अशीच होती. मी शिकवायचे त्या शाळेत मुली मला घाबरायच्या आणि घरात बाबा सोडून सगळे.

बाबांची खोली मागच्या अंगाला होती आणि तिची खिडकी परसात उघडायची. धाकटीचं लग्न डोळ्यांनी बघायचं आणि पडल्या पडल्या चार अक्षता टाकायच्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. डॉक्टर धड हो म्हणत नव्हते, धड नाही म्हणत नव्हते. आम्ही खाट खिडकीला लावली, पाठीशी दोन तक्के दिले आणि मी कामाला लागले.

दगड हलवला, वाळत घालायच्या तारा काढल्या, शेवग्याच्या आडव्या फांद्या छाटून घेतल्या. शेजारच्या मासींनी त्यांच्या ओळखीच्या भरवाड गवळ्याकडून दोन घमेली शेण आणून दिलं. पदर खोचून मी अख्खं परस सारवलं. मग गुजराती मांडववाला आला तो लाल-सोनेरी साटीनचे गठ्ठे घेऊन, वर प्लॅस्टिकचे गुलाब. "बेन, लगन छे, रंग तो जोईए ने!" मी म्हटलं, "भाई, रंगाचं माझी फुलं बघतील. तुम्ही बांबू रोवा." बिचारा गठ्ठे परत घेऊन गेला. मला आंब्याची तोरणं हवी होती, केळीचे खांब हवे होते, बाकी सगळा झेंडू.

खिडकीतून बाबांची देखरेख चालायची. काठीने गजांवर टकटक करायची आणि हुकूम सोडायचा. "अगं, तो डावीकडचा बांबू बघ, दारू प्यायल्यासारखा उभा आहे!" मी ओरडायची, "तुम्ही झोपा हो!" ते म्हणायचे, "झोपायचंच आहे पुढे, आता बांबू सरळ कर." मांडववाला खिडकीकडे बघून "हा काका, हा काका" करत बांबू सरळ करायचा. ते आठ दिवस घरात आजारी माणूस आहे असं वाटलंच नाही. बाजव्याकडून वारा आला की रिफायनरीचा वास यायचा आणि बाबा धापा टाकायचे. तेवढ्यापुरती खिडकी लावायची. पाच मिनिटांनी परत टकटक.

मला मात्र रात्रंदिवस एकच भीती. ती का, हे सांगायला माझंच लग्न काढावं लागेल. बहिणीच्या लग्नाच्या बारा वर्षं आधी ते ठरलं होतं. आजी तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती. गुरुजींनी बाबांना सुचवलं होतं की देवक आधीच बसवून घ्या. लग्नाच्या आधी घरात पितरांची आणि कुळाची पूजा करून देवक बसवतात, आणि ते एकदा बसलं की घरात कोणी गेलं तरी त्या कार्याला सुतक आडवं येत नाही. दहा दिवस आधीपर्यंत चालतं म्हणे. बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी आई श्वास घेतेय आणि मी तिच्या मरणाची तजवीज करू? चालते व्हा." आजी लग्नाच्या दोन दिवस आधी गेली. लग्न पुढे ढकललं. पुढे ढकललेलं लग्न नासतं, तसं माझंही नासलं; दोन महिन्यांनी मुलाकडच्यांचं चार ओळींचं पत्र आलं. त्यावर मी बाबांना एक अक्षर बोलले नाही. पण दुधाने तोंड पोळलं होतं ना. बहिणीच्या बाबतीत मी ताक फुंकून प्यायचं ठरवलं.

गुरुजींना मीच गाठलं. नऊ दिवस आधी देवक बसवायचं ठरवलं, तेही समोरच्या खोलीत, दार लावून. बाबा बसू शकत नव्हते म्हणून यजमान काका-काकू. सगळ्यांना बजावलं की बाबांना कळता कामा नये. विचारलंच तर सांगायचं, सत्यनारायण आहे. बहिणीला यातलं काही समजत नव्हतं, ती एकवीस वर्षांची पोर. अन् मी शहाणी! बाबांपासून लपवायला निघाले होते, ज्यांनी अख्ख्या गल्लीचे मुहूर्त पंचांग उघडून काढून दिले होते.

पूजा आटोपल्यावर काका पाया पडायला बाबांच्या खोलीत गेले. कपाळावर ओलं कुंकू, अंगावर सोवळं. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"देवक बसवलं का?"

काकांनी मान खाली घातली. मी सत्यनारायणाचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तोच त्यांनी हाताने थांबवलं.

"बरं केलंस," ते मला म्हणाले. "तुझ्या वेळी मला एवढं धैर्य झालं नाही. चूक झाली माझी."

बारा वर्षं हे वाक्य ऐकायची माझी इच्छा होती, आणि ऐकलं तेव्हा वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी बाहेर आले आणि नारळाच्या झावळ्या विणत बसले. बोटं कापली तरी विणत राहिले.

त्या दिवसापासून टकटक थांबली. मांडववाल्याने मुद्दाम विचारलं, "काका, बराबर छे?" बाबा हसले, हात हलवला, बास. मी एक तोरण चक्क तिरकं बांधलं, ते ओरडतील म्हणून. दिवसभर ते तसंच लोंबत राहिलं. संध्याकाळी मीच सरळ केलं आणि खूप रडले. खिडकीशी गेले, म्हटलं, "बाबा, काहीतरी बोला ना, शिव्या द्या." ते म्हणाले, "छान झालाय मांडव." एवढंच. इतके दिवस ते आपल्यामुळे लग्न थांबू नये म्हणून जीव धरून होते. आता थांबणार नव्हतं. आता जीव धरायचं कारण मीच काढून घेतलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी, चहाचा कप आईच्या हातात असतानाच, ते गेले. लग्नाला पाच दिवस होते.

आणि मग ते सगळं झालं ज्याचा मी विचारच केला नव्हता. काका देवकाला बसलेले, त्यामुळे सख्खा भाऊ असून ते स्मशानात जाऊ शकले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून ते लहान मुलासारखे रडले. अग्नी चुलतभावाने दिला. नवरीने तर मृताला शिवायचंच नाही. बहीण "बाबा, बाबा" करत धावत आली, आणि मी तिला उंबऱ्यातच अडवलं. दोन्ही दंड धरले. ती सुटायला बघत होती, मी सोडलं नाही. "लांबून नमस्कार कर. देवक बसलंय." मीच म्हणाले हे, दुसरं कोणी नाही.

लग्न ठरल्या दिवशी परसातच लागलं. झेंडू ताजा होता, केळीचे खांब सरळ होते, वऱ्हाडी इंदूरचे, त्यांनी सजावटीचं तोंड भरून कौतुक केलं. वाजंत्री आम्ही सांगितली नव्हती. आई खोलीतून बाहेर आली नाही. मंगलाष्टकं संपली आणि अक्षता पडल्या, तेव्हा बहिणीने एकदाही मान वर केली नाही. लोक म्हणाले, किती लाजते! मी मनात म्हटलं, लग्न झालं, नासलं नाही, जिंकले मी. स्वतःला हे मी पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले.

गेल्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न निघालं. सगळी जमून बसलो होतो. तिच्या सासूबाई नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या. तिचे दीर म्हणाले, "वहिनी, देवक लवकर बसवून टाकू या का? नको ती काळजी." मी खाली मान घालून अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

"नको," बहीण म्हणाली. "थांबलं लग्न तर थांबलं. सासूबाई गेल्या तर माझ्या मुलीला त्यांच्या पायांना हात लावता आला पाहिजे."

हे बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तरी मला बरं वाटलं असतं.